पोवाड्याचा दुसरा भाग

फार जुनी गोष्ट आहे. बाळांनो ऐका, आणि बाळांच्या आईबापांनो, तुम्ही तर जरूर ऐका.

एका डोंगरी राज्यात लढाई ठरली की चावडीसमोर शाहीर उभा राही आणि त्याच्यापुढे विड्यांचं तबक ठेवत. पोवाडा ऐकून ज्याला स्फुरण चढे, तो विडा उचले आणि फौजेत दाखल होई. उचललेला विडा परत ठेवायचा नाही, अशी रीत होती.

शाहिराने मागे एक लढाई डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून त्याच्या पोवाड्याचे दोन भाग होते. पहिल्यात घोडे दौडत, निशाणं फडकत, किल्ला सर होई. दुसऱ्यात त्याच किल्ल्याखाली जखमी पाणी मागत पडलेले असत आणि पाणी द्यायला कुणी नसे.

पण किल्ला सर झाला की राजा हात वर करी. “वाहवा! बस, इथंच थांबा.” विडे भराभर उचलले जात, शाहिराला सोन्याचं कडं मिळे. दुसरा भाग त्याच्या पोटातच राही. त्यानेही कधी हट्ट धरला नाही. कडं कुणाला नको असतं?

एका वर्षी पुन्हा लढाई ठरली. शाहिराने डफावर थाप मारली आणि गर्दीत पुढेच त्याला आपला एकुलता एक मुलगा दिसला. मुलाची नजर तबकावर खिळली होती. एकेक कडवं संपत होतं, किल्ला जवळ येत होता. त्याने एक कडवं उगाच पुन्हा गायलं, दुसरं लांबवलं. तरी किल्ला सर झालाच.

राजाने हात वर केला. शाहीर थांबला नाही. त्याने दुसरा भाग सुरू केला.

मुलगा तबकाशी पोचला होता. तो हसला. “आबा, हे आजच रचलंत ना? मला अडवायला?”

“नाही रे पोरा! पहिल्याबरोबरच रचलंय. सगळं खरं आहे.”

“मग इतकी वर्षं गायलात का नाही?”

शाहिराने हातातलं सोन्याचं कडं बाहीखाली सारलं. शेजारपाजारची पोरं गेली तेव्हा तो गप्प होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मुलाने विडा उचलला.

फौज परतली, मुलगा परतला नाही. त्याच्या सोबत्याने निरोप तेवढा आणला. “किल्ल्याखाली पडला होता. म्हणाला, आबांना सांग, दुसरा भाग खरा आहे.”

म्हणून सांगतो, युद्धाचा पराक्रम गाणाऱ्याने त्याचं दुःखही त्याच दमात गावं. दडवून ठेवलेलं सत्य ऐन वेळी खोटं वाटतं.