अज्ञान मुलीची सही

सरपंचाच्या भाच्याने शेवंताच्या अकरा वर्षांच्या लेकीवर अत्याचार केला होता. खटला मिटावा म्हणून वकील देसले तडजोडीचा कागद घेऊन शेवंताच्या ओट्यावर बसले. नवऱ्याने मुकाट सही केली होती; आता तिचा अंगठा हवा होता.

“आमची तक्रार नाही, आरोपीला माफ केलंय, एवढंच लिहिलंय,” वकील म्हणाले.

“जिने भोगलं, तिची सही कुठाय?” शेवंताने विचारलं.

“ती अज्ञान आहे, बाई. कायद्यात तिची सही चालत नाही.”

“सही करायला पोर अज्ञान, मग माफ करायला सज्ञान कधी झाली?”

देसल्यांनी कागदाची घडी घातली.

लेक दाराआडून ऐकत होती. वकील गेल्यावर तिने हळूच विचारलं, “आई, मी सही केली तर मला परत शाळेत बसू देतील?”