मैदानाकडे पाठ करून

एकदा एका पेठेत एक तालीम होती. तिचा फुटबॉलचा संघ म्हणजे पुढच्या दाराला चांदीची कडी आणि मागची भिंत कुडाची. दोन गोल करायचे, चार खायचे. सबंध हंगाम असाच गेला, संघ तळाला बसला. मग मंडळी खवळली. बचाव फळीतली पेठेची चारही पोरं काढायची आणि बाहेरचे खेळाडू आणायचे, असं ठरत आलं. लोकांना गोल मोजता येतात, तेवढीच त्यांची अक्कल.

संघाचा प्रशिक्षक त्याच तालमीत वाढलेला पैलवान. चारही पोरं त्यानंच घडवलेली. ती गेली असती तर त्याचा जीव अर्धा झाला असता. म्हणून तो आपल्या म्हाताऱ्या वस्तादांकडे गेला.

"वस्ताद, शेवटचा सामना बघा आणि सांगा. ही फळी पुढच्या हंगामात सुधारंल का? तुम्ही म्हणाल तेच मी संध्याकाळी बैठकीत सांगतो."

वस्ताद आले. गोलाच्या जाळीमागं खुर्ची मागितली आणि मैदानाकडं पाठ करून, डोळे मिटून बसले.

"म्हातारा झोपला की रं!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. शिष्यानं मान खाली घातली. संघानं तीन गोल खाल्ले, पण वस्तादांनी काही मान वळवली नाही.

सामना संपला तसा शिष्य तडकलाच. "वस्ताद, बघायला बोलावलं होतं तुम्हाला. डुलक्या काढायला न्हाई."

"बघणारे मैदानभर होते. ऐकणारा कोण होता? तू काय ऐकलंस?"

"काय ऐकायचं? नुसता गलका."

"तो लोकांचा. तुझी पोरं चेंडू येईपर्यंत मुकी. चेंडू दोघांच्या मधनं निघून जातो आणि कुणी हूं का चूं करत न्हाई. गोल झाला की मग चौघांना कंठ फुटतो. 'तुझा होता रं!' 'माझा कुठला, तुझाच!' पाय चांगलेत त्यांचे, पळतानाच्या आवाजावरनं कळतं मला. पण गोल व्हायच्या आधी 'माझा' असं एकजण म्हणत न्हाई."

शिष्याचा चेहरा उतरला. "ते मीच सांगितलंय त्यांना. खेळताना तोंड उघडायचं न्हाई. आपल्या तालमीचा रिवाजच हाय तो."

"रिवाज आखाड्याचा, मूर्खा! मातीत तू एकटा आणि समोरचा एकटा. तिथं बोललास तर दम जातो. इथं चौघांनी मिळून एक दार राखायचंय. चार राखणदार उभे केलेस आणि त्यांना हाक मारायची बंदी घातलीस, मग चोर मधनं जाणार न्हाई तर काय? अंगात दोष असता तर मीच म्हणालो असतो, काढ त्यांना. हा दोष शिकवलेला हाय. शिकवलेलं मोडता येतं. सुधारंल तुझी फळी. पण पहिल्यांदा कुणीतरी 'माझा' म्हणायला पाहिजे."

संध्याकाळी बैठकीत अध्यक्षांनी थेट विचारलं, "चौघांत चूक कुणाची, तेवढं सांगा." चारही पोरं दाराशी उभी होती, प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या पायावर.

शिष्य उठला. "चूक माझी." आणि रिवाजाची सगळी हकिकत त्यानं काही न लपवता सांगितली.

मग दाराकडून चौघांतल्या इंद्रजितचा आवाज आला, "तिसरा गोल माझा होता. मी थांबलो."

"तुझा कुठला? माझा होता," त्याच्या शेजारचा सोहेल म्हणाला. "मी सोडला."

अध्यक्षांना हसू आवरेना. "लेकांनो, आता खाल्लेल्या गोलासाठी भांडायलाय व्हय? ऱ्हावा. एक हंगाम बघू तुमचा."

दुसऱ्या दिवशी सरावाला वस्ताद पुन्हा तसेच पाठ करून बसले. उंच चेंडू आला आणि मागच्या फळीतून कुणाचा तरी गळा फाटेस्तोवर आवाज निघाला, "माझा! सोड तू!" ऐन वेळी चेंडू त्याच्या पायावरून निसटला आणि गोल बसला. पण चौघांपैकी कुणीही कुणाकडं बोट केलं नाही. चेंडू उचलून चौघे परत आपापल्या जागी गेले.

वस्ताद उठले, खुर्ची फिरवली आणि मैदानाकडं तोंड करून बसले.

आपल्या घरातही गोल बसतच असतात. तिथं आधी कोणता शब्द निघतो, ते एकदा कान देऊन ऐकावं.