वाचनालयातला मेन्यू

संगणकांच्या हिशेबाने पुष्कळ पिढ्यांपूर्वी एका गावच्या वाचनालयातल्या संगणकात एक मेन्यू राहत होता. आतल्या दीडशे प्रोग्रामना हाक मारून पडद्यावर बोलावणं हे त्याचं काम. कोणी रुसू नये म्हणून त्याने सगळ्यांची नावं बारीक अक्षरांत एकाच पाटीवर मांडली होती.

ग्रंथपाल मालनबाईंची नजर अधू होत चालली होती. एके दुपारी दृष्टी गेलेले रामलिंगअप्पा पुस्तक ऐकायला येऊन बसले आणि त्या बारीक अक्षरांत वाचून दाखवणारा प्रोग्राम बाईंना काही सापडेना. शेवटी त्या म्हणाल्या, "अप्पा, माफ करा. हे यंत्र आता माझ्या आवाक्यातलं राहिलं नाही." अप्पा काठी टेकत निघून गेले.

ते मेन्यूच्या जिवाला लागलं. त्याने पाटी पुसली आणि बाईंना रोज लागणारी तीनच नावं ठळक अक्षरांत लिहिली. बाकीच्यांना त्याने आतल्या खोलीत बसवलं.

"मी इथला सगळ्यात देखणा, आणि मला मागे?" चित्रं काढणारा प्रोग्राम भडकला. "आजवर तर तू सगळ्यांना सारखं मानत होतास!"

"तुमची मनं सांभाळत होतो," मेन्यू म्हणाला. "पाटी वाचणाऱ्याकडे मी पाहिलंच नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी संगणक लावला, वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामचं नाव लगेच ओळखलं आणि खिडकीतूनच रस्त्याने जाणाऱ्या अप्पांना हाक मारली, "अप्पा, या! कालचं वाचन राहिलंय."

पुढे मालनबाई निवृत्त झाल्या. नवे ग्रंथपाल आले, तेव्हा ते तिन्ही प्रोग्राम आपापली जागा धरून बसले. मेन्यू त्यांना हळूच म्हणाला, "थांबा. हे कोणाला शोधतात, ते आधी बघू या."