मेलेल्या कप्तानाची जागा

हॅरोबी साहेबाने कप्तान असताना कुंभळगाव जाळलं होतं, तेही माणसं झोपेत असताना. पुढे तो गव्हर्नर होऊन आला आणि तिथलीच देवराई तोडून बंगला बांधायचा हुकूम त्याने सोडला. पाटलासकट सगळी वडीलधारी मंडळी नुसती हात जोडून उभी राहिली. गुरवाची लेक हौसा तेवढी पुढे झाली.

"साहेब, गाव जाळणारे कप्तान तुम्हीच ना?"

"तो कप्तान कधीच मेला, मुली," साहेब हसला. "आता मी तुमचा मायबाप."

दुसऱ्या सकाळी साहेबामागोमाग कुऱ्हाडीवाले देवराईत शिरले आणि जागीच थबकले. एकही पाखरू बोलत नव्हतं. झाडाखाली ओल्या शेंदराचा नवा धोंडा होता. त्याच्यापुढे भात होता, एक चिरूट होता आणि भोवती राखेचं रिंगण.

"हे काय आहे?" साहेबाने दरडावलं.

"मेलेल्या कप्तानाची जागा," झाडामागून पुढे येत हौसा म्हणाली. "वाईट माणूस मेला की आम्ही त्याला रानात जागा देतो, म्हणजे तो घरात शिरत नाही. आता ही देवराई त्याची. तुम्ही खुशाल बंगला बांधा, साहेब. झोपलेल्यांच्या घराचं तो काय करतो, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?"

साहेबाने धोंड्याकडे पाहिलं. चिरूट कुणी न पेटवताच धुमसत होता.

त्याने कुऱ्हाडी परत बोलावल्या.