इवलीचं काळं कडं

एक होती होडी. वर शीड, पोटात डिझेलचं इंजिन. आणि इंजिनामागच्या फटीत कोण राहायचं? उंदीरआई आणि तिचं पिल्लू, इवली.

सकाळी आई सुकटाचा तुकडा आणायला धक्क्यावर उतरली. तेवढ्यात होडी चालवणाऱ्या जनू तांडेलाने दोर सोडला. होडी निघाली!

"आई! आई गं!"

आई धक्क्यावर, इवली होडीत. आई लहान लहान होत गेली. मग दिसेनाशीच झाली.

मासे धरून झाले. परत निघायचं, तर वारा पडला. शीड लोंबलं. जनू तांडेलाने इंजिन लावलं. फट् फट् फट्... फुस्स! बंद.

इवली खूप रडली. मग निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"इंजिनदादा, चाल ना!
होडी हलेना, आई भेटेना!"

"मी नाही चालणार. मला स्वच्छ डिझेल मिळत नाही. फिल्टरला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"फिल्टरभाऊ, गाळ ना!
इंजिन चालेना, होडी हलेना, आई भेटेना!"

"मी नाही गाळणार. डिझेलची टाकी मला गढूळ पाणी पाठवते. टाकीला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"टाकीमावशी, निवळ ना!
फिल्टर गाळेना, इंजिन चालेना, होडी हलेना, आई भेटेना!"

"मी नाही निवळणार. वरून लाटेचं पाणी गळतं. टप टप, टप टप. झाकणाला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखले बिचारीचे.

"झाकणकाका, बस ना!
टाकी निवळेना, फिल्टर गाळेना, इंजिन चालेना, होडी हलेना, आई भेटेना!"

"मी नाही बसणार. माझ्याखाली नुसती चिंधी. माझं काळं रबराचं कडं आण."

काळं कडं?

ते तर तिचं अंथरूण! आईनेच ओढत आणलं होतं. आईला काय ठाऊक, ते झाकणाचं आहे!

इवली फटीत गेली. कड्यात शिरली. कड्याला आईचा वास येत होता. आई नाही, नुसता वास. तोही द्यायचा? इवलीला रडू आवरेना.

मग तिने कडं ओढलं. खर्र खर्र, खर्र खर्र.

"घ्या, झाकणकाका."

जनू तांडेल आला. कडं कुठून आलं, त्याला कळेना. "अरे देवा! ह्यां कडां हयसर खंयसून इलां? दोन दिस शोधतंय! चिंधी बांधून निघालंय, थंयच माझां चुकलां."

त्याने टाकीतलं पाणी करवंटीत काढलं. फिल्टर धुतला. नळीतली हवा काढली. बुडूक बुडूक! झाकणाखाली कडं घातलं.

झाकण बसलं, टाकी निवळली, फिल्टर गाळू लागला, इंजिन चाललं. फट् फट् फट् फट्! होडी हलली!

इवली रिकाम्या फटीत बसली. खाली गार लोखंड. कडं नाही, वास नाही. आई असेल का धक्क्यावर?

धक्का आला.

आई तिथेच होती. सकाळच्याच जागी. सुकटाचा तुकडा तोंडात तसाच. एक घाससुद्धा खाल्ला नव्हता.

"आई, मी आपलं कडं देऊन टाकलं."

आई इवलीभोवती गोल झाली. मधे इवली, भोवती आई.

कडं गेलं, आई आली. गोष्ट संपली. ये बाळा, तूही ये माझ्या कड्यात.