लिंपण्याआधीची हाक

घराला वाट एकच, आणि त्या वाटेवर कोल्हा बसलेला असेल, तर त्या घराचं तुम्ही काय कराल?

त्या माळावर कुणालाच बीळ खोदावं लागत नसे. साळूमामा नावाचं म्हातारं साळिंदर ते काम करी. कुणाला पिल्लं होणार अशी कुणकुण लागली, की मामा न सांगता खोदायला लागत. छत भक्कम, तळ कोरडा, तोंड एकच, तेही उगवतीला. शेवटी आतून चिखलाचं लिंपण. ते वाळलं की दगड.

उगवतीचं तोंड कोल्ह्यालाही पाठ झालं होतं.

ठकू मुंगशी पोटुशी होती. तिच्या जावेनं वाळलेल्या भिंतीला मागून वाट पाडायला नखं लावली, तर छतच पिल्लांवर बसलं. नणंदेनं मामांना नको म्हणून स्वतः खोदलं. ते पहिल्याच पावसात वाहून गेलं.

"मामा, बीळ तुमचंच हवं," ठकू म्हणाली. "फक्त लिंपायच्या आधी मला एक हाक मारा."

"माझ्या कामात खोट काढतेस?"

"खोट नाही हो. पण पिल्लं माझी आहेत."

"आज तू सांगशील, उद्या ती घोरपड झरोका मागेल. मग मी खोदू कधी?"

"ज्याला काही सांगायचं नाही तो गप्प बसेल. त्याचं बीळ नेहमीसारखंच होईल."

मामांनी काटे फुलवले आणि ते अर्धवट खोदलेल्या बिळात शिरले.

ठकू बाहेर बसून राहिली. समोरच्या उंचवट्यावर कोल्हा बसला होता, तोही बघत होता. आतून उडणारी माती थांबली. ओल्या चिखलाचा वास आला. आता लिंपण सुरू झालं असेल, तर संपलंच.

"ए ठकू! हात भरलेत माझे. काय ते झटकन बोल!"

ती धावत आत गेली आणि कोल्ह्याला ऐकू जाऊ नये म्हणून मामांच्या कानाशी लागली. "मागे, करवंदीच्या जाळीत निघेल अशी एक वाट. माझ्या अंगाएवढी."

मामा पुटपुटले, पण त्यांनी ती वाट खोदली आणि तिच्या कडाही नीट लिंपल्या.

पिल्लं चालू लागली त्याच संध्याकाळी कोल्हा उगवतीच्या तोंडाशी येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथेच होता, नाक बिळात खुपसून. करवंदीपलीकडे पिल्लं उन्हात लोळत होती, आणि ओढ्याकाठच्या नव्या बिळातून मामांचा आवाज येत होता, "घोरपडबाई, लिंपायला घेतोय. काही सांगायचंय का?"