ओळंब्यात आणलेला खांब

फार फार वर्षांपूर्वी, नद्यांना अजून पूल माहीत नव्हते आणि बैल माणसांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तर एखाद्या बैलाला विचारा.

एका राज्यात एक रुंद नदी होती. पलीकडची माणसं नावेनं येत आणि त्यांना न्यायला अलीकडची माणसं बैलगाड्या घेऊन धक्क्यावर जात. नाव लागेपर्यंत गाडी उभी कुठे करायची? तर धक्क्याला लागूनच्या गाडीतळावर. तो तळ एका मक्तेदारानं राजाकडून चालवायला घेतला होता. माणूस असा, की त्याच्या चिंचेवर बसलेला कावळासुद्धा उडताना एक पीस टाकून जाई. उगाच कटकट नको.

तळाचा नियम सोपा होता. मधोमध एक खांब होता आणि त्याच्या पूर्वेला एक पांढरा दगड. दुपार कलली की खांबाची सावली लांबत लांबत दगडाकडे सरके. ती दगडाला टेकायच्या आत गाडी बाहेर काढायची. नाहीतर दंड, कडब्याच्या दोन पेंढ्या. हा नियम मक्तेदारानं पाटीवर लिहून चिंचेला लावला होता, पण नदीकडच्या बाजूला. वाचायचा तर पाण्यात उभं राहावं लागे. मासे नियम अगदी काटेकोर पाळत.

जवळच्या गावात एक गवंडी राहत होता. हात सोन्याचा, पण वाकडं काही दिसलं की त्याला घास गिळवत नसे. तव्यावरची भाकरी वेडीवाकडी झाली तर आधी काठ सारखे करून मग खाई. भिंत सरळ आहे का ते बघायची वजन बांधलेली दोरी, म्हणजे ओळंबा, कायम कमरेला. लग्नातसुद्धा होता म्हणतात, आणि अंतरपाट तिरका धरला म्हणून त्यानं मुहूर्त थांबवला होता.

त्याची आई म्हातारी झाली होती आणि तिची नजर विझत चालली होती. वैद्य म्हणाले होते, "आज दिसतंय तेवढं उद्या दिसेल, असं मी सांगू शकत नाही." तिचा थोरला मुलगा तरुणपणी नदीपलीकडे गेला होता, तो आता पहिल्यांदाच परत येणार होता. सकाळी गवंडी गाडी जुंपत असताना आई त्याला म्हणाली, "उजेड आहे तोवर आण रे त्याला. दिवेलागण झाली की मला माणसं नुसती सावल्यांसारखी दिसतात. त्याचं तोंड एकदा नीट बघायचंय."

"दुपारीच आणतो," गवंडी म्हणाला. आणि त्यानं आणलंही असतं.

पण वारा उलटा होता. नाव उशिरा लागली. दोघे भाऊ कडकडून भेटले, ट्रंक उचलून तळावर आले, तर मक्तेदार गाडीच्या दांडीवर बसलेला.

"सावली टेकली," तो म्हणाला. "दोन पेंढ्या."

"नाव उशिरा आली. माझा काय दोष?"

"नाव माझी नाही. तळ माझा आहे. पाटी वाचली नाही का?"

"कुठाय पाटी?"

"पाण्यात उतरा, दिसेल."

गवंड्यानं खांबाकडे पाहिलं आणि त्याचा डोळा बारीक झाला. खांब पूर्वेला झुकला होता. थोडासाच, पण झुकला होता. झुकलेल्या खांबाची सावली सरळ खांबापेक्षा पुढे जाणार, हे त्याला सांगायला कोणी लागत नव्हतं.

"तुझा खांबच वाकडा आहे," तो म्हणाला. "मी एक काडी देणार नाही."

"मग पाच जण बसवा."

त्या तळाची रीतच होती. तंटा झाला की पाच गाडीवानांनी निवाडा करायचा आणि निवाडा होईपर्यंत बैल जुंपायचे नाहीत. तळावर त्या वेळी चारच गाडीवान होते. पाचवा शेवटच्या नावेनं यायचा होता.

थोरला भाऊ म्हणाला, "दे ना रे दोन पेंढ्या. आई वाट बघत असेल."

"दादा, तू मध्ये पडू नकोस. प्रश्न पेंढ्यांचा नाही."

"मग मी चालत पुढे होतो."

"तुझ्या गुडघ्यांनी? दोन कोस? थांब, आत्ता मिटेल."

तेव्हा गाडीच्या जोडीतला एक बैल बोलला. पांढरा, थकलेला, अबोल बैल होता तो. "मालक, गाडीत माझ्या वाट्याच्या पेंढ्या आहेत. त्या देऊन टाका. मी आज उपाशी चालेन."

"तू गप बस," गवंडी म्हणाला. "आज तुझ्या पेंढ्या घेईल, उद्या सगळ्या गावाच्या. कोणीतरी उभं राहायलाच हवं."

बैलानं मान खाली घातली. खरं सांगायचं तर गवंड्याचं म्हणणं चूक नव्हतं. तीच तर पंचाईत होती.

उन्हं पिवळी झाली, मग तांबूस. थोरला भाऊ ट्रंकेवर बसून गावाच्या दिशेनं बघत राहिला. शेवटची नाव लागली तेव्हा सूर्य पाण्यात बुडत होता.

पाचही जण बसले. गवंड्यानं ओळंबा सोडला. दोरी सरळ, खांब वाकडा. पाचांनी एकमुखानं सांगितलं, दंड माफ, आणि मक्तेदारानं खांब आत्ताच्या आत्ता सरळ करावा. गाडीवानांनी गवंड्याच्या पाठीवर थापा मारल्या. मक्तेदार खांब हलवत असताना गवंडी उभा राहून "अजून जरा इकडे" असं सांगत होता. खांब ओळंब्यात आल्यावरच त्यानं बैल जुंपले.

घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता. आई दिवसभर ओट्यावर बसून होती, ती अजून तिथंच होती. तिनं समई थोरल्याच्या तोंडाजवळ धरली.

"पिवळं पिवळं दिसतंय नुसतं," ती म्हणाली. "असू दे. दमून आलास. सकाळी बघेन तुला नीट."

सकाळी कोंबडा आरवून गेला, अंगणात ऊन आलं, ते तिच्या मांडीवर आलं. ती म्हणाली, "अजून उजाडलं नाही का रे?"

मग थोरला पुढे झाला आणि त्यानं तिचा हात आपल्या गालावर ठेवला. ती बोटांनी त्याचं कपाळ, नाक, हनुवटी चाचपत राहिली. "तुझ्या बाबांसारखा झालास वाटतं," ती म्हणाली. "हो ना रे?" हा प्रश्न तिनं धाकट्याला विचारला होता.

तो खांब पुढे कित्येक वर्षं त्या तळावर उभा होता, ओळंब्याच्या दोरीसारखा सरळ. येणारे-जाणारे त्याचं कौतुक करत. गवंडी तेवढा तिथून जाताना मान वळवून घेई.

आणि त्या पांढऱ्या बैलानं त्या दिवसानंतर तोंड उघडलं नाही. त्याचं बघून बाकीच्या बैलांनीही बोलणं सोडलं. म्हणून आता एखाद्या बैलाला ही गोष्ट विचाराल, तर तो फक्त तुमच्याकडे बघेल.

बोध एवढाच: आपलं म्हणणं खरं करण्याआधी, आपली वाट कोण बघतंय ते आठवावं.